योगाला प्रयोगशाळेत नेणारे स्वामीजी

सकाळचे डबे भरून, मुलांना शाळेत धाडून योगवर्गाला जाणाऱ्या बायका आता तालुक्याच्या गावीही दिसतात. २०१५ पासून दरवर्षी २१ जूनला शाळेच्या मैदानावर सतरंज्या अंथरल्या जातात. शंभर वर्षांपूर्वी मात्र योग म्हटलं की जटा वाढवलेला साधू, गुहा आणि चमत्कार एवढंच लोकांच्या डोळ्यांपुढे यायचं. संसारी माणसाचं ते काम नव्हे, अशीच समजूत होती. ती बदलण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचलं, त्यांतलं एक मोठं नाव म्हणजे लोणावळ्याचे स्वामी कुवलयानंद.

त्यांचं मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३ चा, गुजरातमधल्या डभोईचा. घरची परिस्थिती बेताची, पण मुलगा हुशार. १९०३ साली मॅट्रिक झाले ते संस्कृतची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवूनच. पुढे बडोद्याला राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात त्यांनी शरीर कमावलं. देशासाठी काहीतरी करायचं ही तळमळ होतीच. लग्न न करता सेवेला वाहून घ्यायचं, हे त्यांनी तरुणपणीच ठरवून टाकलं. मग आपल्या खानदेशातल्या अमळनेरला ते शिक्षणाच्या कामात रमले.

आयुष्याला वळण मिळालं ते नर्मदाकाठच्या मालसर गावी. तिथे परमहंस माधवदास महाराजांकडून त्यांना योगाची दीक्षा मिळाली. आता पुढचा रस्ता सरळ होता. गुरूंनी दिलं ते डोळे मिटून करायचं आणि चार शिष्यांना तसंच द्यायचं. पण गुणे मास्तरांच्या मनात एक प्रश्न घर करून बसला. या क्रियांनी शरीरात नेमकं होतं तरी काय?

गंमत बघा, याचं उत्तर शोधायला ते गेले चक्क दवाखान्यात! १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या इस्पितळात त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना उड्डियान बंध आणि नौली करायला लावलं आणि क्ष-किरणांनी आत काय घडतं ते पाहिलं. उड्डियान म्हणजे श्वास पूर्ण बाहेर सोडून पोट आत ओढून घेणं. नौली म्हणजे पोटाचे स्नायू मधोमध एकवटून फिरवणं. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांनी मोजून दाखवलं. बस्तीच्या वेळी योगी पाणी आत कसं ओढून घेतात, याचा उलगडा त्यातून झाला. त्यात चमत्कार नव्हता, दाबातला फरक होता. या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूंचं, माधवदासांचं नाव दिलं. शोध विज्ञानाचा, मान गुरूंचा!

१९२४ साली लोणावळ्यात त्यांनी कैवल्यधाम आश्रम उभा केला. त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू झालं. प्रयोगांची माहिती, क्ष-किरणांची चित्रं आणि आसनं करायची रीत, सगळं त्यात छापून येई. आश्रमाचं नाव मात्र आरोग्याशी जोडलेलं नाही, हे लक्षात घ्या. कैवल्य म्हणजे मोक्ष, पतंजलींच्या योगसूत्रांतलं शेवटचं ध्येय. प्रयोगशाळा उभी राहिली तरी जायचं कुठे आहे, याचा त्यांना विसर पडला नाही.

त्यांचा खरा मोठेपणा आणखी एका गोष्टीत दिसतो. प्राणायामाने शरीराला भरपूर जादा ऑक्सिजन मिळतो, असं आजही आपण सर्रास ऐकतो. स्वामीजींनी ते मोजून पाहिलं, तर तसं आढळलं नाही. योगाचा प्रचार करणाऱ्या माणसाला हे झाकून ठेवता आलं असतं. त्यांनी छापलं. प्राणायामाचं मोल दुसरीकडे आहे, असं मांडून ते शोधत राहिले. योगावर त्यांची एवढी श्रद्धा होती, की त्याला खोट्या आधाराची गरज त्यांना वाटली नाही.

१९२७ साली गांधीजींनीही प्रकृतीसाठी त्यांचा सल्ला घेतला. १९३२ मध्ये मुंबईत शाखा निघाली. शाळांतल्या मुलांना एकत्र करता येतील असे योगाचे व्यायामही त्यांनी बसवून दिले. पुढे लोणावळ्यात योगाचं महाविद्यालय आलं, रुग्णालय आलं. दुसरीकडे जुन्या हस्तलिखित पोथ्या ताडून शुद्ध पाठ छापायचं किचकट कामही चालूच होतं. ‘गोरक्षशतक’ त्यांनी असंच संपादून काढलं. परंपरा जपायची म्हणजे काय, तर मूळ ग्रंथात खरोखर काय लिहिलंय ते आधी नीट पाहायचं.

१८ एप्रिल १९६६ रोजी स्वामीजी गेले. कैवल्यधामाचं काम आजही चालू आहे.

आज योगाच्या नावाखाली काय काय विकलं जातं! आठ दिवसांत वजन उतरवा, महिन्यात साखर घालवा. अशा वेळी स्वामीजी आठवावेत. ज्यांनी गुरूंपुढे मान तुकवली, त्यांनीच गुरूंची विद्या तपासूनही घेतली. आपणही वर्गाला जाताना एवढं तरी करूया. दावा ऐकला की आधार विचारायचा, औषधं डॉक्टरांना न विचारता बंद करायची नाहीत, नौलीसारख्या क्रिया टीव्ही पाहून करायच्या नाहीत. आणि शवासनात पडल्यावर कुकरच्या शिट्ट्या आठवायच्या नाहीत! ती पाच मिनिटं मन शांत झालं, तरच आपण व्यायामाच्या पलीकडे, योगाच्या उंबरठ्याशी आलो म्हणायचं.