आमचं गाव

मागच्या वर्षी आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले होते. लॉस एंजेलिसच्या देसी घरांमध्ये पाहुण्यांना दाखवायच्या जागांची यादी ठरलेली असते: हॉलिवूड, डिस्नेलँड, मालिबूचं देऊळ आणि शेवटी आर्टेशियाला चाट. आमची यादी पहिल्या पंधरा दिवसांतच संपली. बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते, तेव्हा त्यांना काहीतरी बांधलेलं दाखवू या म्हणून एका शनिवारी गाडी वॉट्सकडे वळवली.

वॉट्स म्हणजे शहराच्या दक्षिणेची गरीब वस्ती. तिथे १०७व्या रस्त्याच्या टोकाला, साध्या बैठ्या घरांच्या मधून, लोखंडी जाळीकामासारखे मनोरे एकदम वर जातात. सर्वांत उंच जवळजवळ शंभर फूट! बाबा कुंपणाबाहेर उभे राहून बराच वेळ वर बघत होते. मग त्यांनी विचारलं, परांची कशी बांधली असेल? मला काही सांगता येईना. घरी येऊन वाचत बसलो आणि त्या माणसाच्या गोष्टीत अडकलो.

मंडळी, परांची नव्हतीच. क्रेन नाही, वेल्डिंग नाही, नट-बोल्ट नाहीत. खिडक्या पुसणारे लोक वापरतात तसला कमरेचा पट्टा, एक बादली, आणि एकटा माणूस. वेळ लागला ३३ वर्षं.

साबातो रोदिया १८७९ साली इटलीत, नेपल्सच्या बाजूच्या सेरिनो परिसरात जन्मला. पंधरा-एक वर्षांचा असताना भावाच्या मागोमाग अमेरिकेत आला. पेनसिल्व्हेनियाच्या कोळशाच्या खाणीत भाऊ अपघातात गेला. हा पश्चिमेकडे सरकला. सिएटलला लग्न झालं, ओकलंडला संसार केला, मुलं झाली. पण दारू होती, संसार टिकला नाही, आणि बायकामुलांना मागे ठेवून हा निघून गेला. त्याची थोरवी सांगताना ही गोष्ट गाळावी असं मला वाटत नाही.

नावाची गंमत तर आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. साबातो कुणाला म्हणता येईना, म्हणून सॅम झाला. पुढे वर्तमानपत्रात सायमन छापून आलं आणि तेच नाव कायमचं चिकटलं. (आमच्या ऑफिसात माझंही असंच बारसं झालंय, असो.)

१९२१ च्या सुमारास त्याने वॉट्समध्ये रेल्वेरुळांलगतची एक त्रिकोणी जागा घेतली. दिवसा गवंडीकाम, फरश्या बसवणं. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी मनोरे. सळ्या वाकवायला यंत्र नव्हतं, म्हणून तो त्या जवळच्या रुळांखाली अडकवून वाकवायचा. सळ्यांभोवती तारेची जाळी, वरून सिमेंट, आणि सिमेंट ओलं असतानाच त्यात खोचलेले शिंपले, फुटक्या बशा, फरश्यांचे तुकडे, सेव्हन-अपच्या हिरव्या बाटल्यांच्या काचा. रुळांच्या कडेने मैलोन् मैल चालत तो हे गोळा करायचा. वस्तीतली पोरंही फुटकी भांडी आणून द्यायची. भिंतींवर त्याने आपल्या हातोड्याचे आणि अवजारांचे ठसे उमटवले. चंदीगढचं नेकचंद यांचं रॉक गार्डन ज्यांनी पाहिलंय, त्यांच्या डोळ्यांसमोर चित्र लगेच उभं राहील.

पण मनोरेच का? सेरिनोपासून फार लांब नाही असं नोला नावाचं गाव आहे. तिथे दर जूनमध्ये संत पाओलिनोच्या उत्सवाला सुमारे २५ मीटर उंचीचे आठ लाकडी मनोरे आणि एक नाव खांद्यांवर घेऊन, वाजतगाजत गावभर नाचवतात. या मनोऱ्यांना म्हणतात जील्यी, म्हणजे लिलीची फुलं. संत कैदेतून जहाजाने परत आला तेव्हा गावकरी फुलं घेऊन सामोरे गेले, अशी कथा. २०१३ मध्ये युनेस्कोने या परंपरेला वारशाच्या यादीत घेतलं. मी लॅपटॉपवर फोटो दाखवले तर कोल्हापूरकडची आमची आई पटकन म्हणाली की ही तर जोतिबाची सासनकाठी! वॉट्समध्येही उंच मनोरे आहेत आणि शेजारी सिमेंटचं जहाज आहे. अभ्यासकांना हे साम्य ठळक दिसतं. रोदिया मात्र विचारणाऱ्याला दर वेळी वेगळंच उत्तर द्यायचा.

मला खरं अडकवलं ते त्याने दिलेल्या नावाने. नुएस्त्रो प्वेब्लो, म्हणजे आमचं गाव. आणि हे इटालियन नाही, स्पॅनिश आहे; शेजारपाजारच्या मेक्सिकन लोकांची भाषा. आकार बहुधा आपल्या गावाचा, पण नाव शेजाऱ्यांच्या बोलीत. आपण इथे गणपती करतो, दिवाळी करतो, अगदी मनापासून करतो. पण आपलं 'आमचं' बहुतेक वेळा हॉलच्या दारापाशी संपतं. माझ्या डावीकडच्या शेजाऱ्याचं आडनाव मला चार वर्षांत माहीत नव्हतं.

१९५५ मध्ये, पंचाहत्तरी उलटल्यावर, रोदियाने ती जागा एका शेजाऱ्याला देऊन टाकली, मार्टिनेझला बहिणीच्या गावी गेला आणि पुन्हा मनोरे बघायलाही आला नाही. नगरपालिकेने बांधकाम धोकादायक ठरवून पाडण्याचा हुकूम काढला. तेव्हा विल्यम कार्टराइट आणि निकोलस किंग या दोन तरुणांनी जागा विकत घेतली, आणि बड गोल्डस्टोन या एरोस्पेस इंजिनिअरने लोड टेस्ट सुचवली. (आम्ही सर्व्हरवर करतो ती नव्हे, खरीखुरी!) १० ऑक्टोबर १९५९ रोजी मनोऱ्याला १०,००० पौंडांचा आडवा ताण दिला. मनोरा जेमतेम हलला, ताण देणारी यंत्रणाच वाकली. हुकूम मागे घेतला गेला.

रोदिया जुलै १९६५ मध्ये वारला. पुढच्याच महिन्यात वॉट्समध्ये भयंकर दंगल उसळली. ३४ माणसं मेली, दुकानं जळाली. मनोऱ्यांना कोणी हात लावला नाही. १९९० मध्ये ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारक झाले.

माझं काम कन्सल्टिंगचं. प्रोजेक्ट संपलं की बॅज परत करायचा. मी लिहिलेला कोड दोन-तीन वर्षांत कोणीतरी काढून टाकतो. ३३ वर्षं सोडा, तीन वर्षं टिकलेलं माझ्या हातचं काय आहे, हे मी त्या रात्री मोजत बसलो होतो. फार काही सापडलं नाही.

यंदा लेकीने अंगणात दिवाळीचा किल्ला केलाय. आईचा इथे राहिलेला कप ऑगस्टमध्ये फुटला होता, त्याचे तुकडे तटबंदीत आहेत. भारतातून व्हिडिओ कॉलवर बाबांनी बुरुजाचा उतार दोनदा बदलायला लावला. डावीकडच्या गार्सिया कुटुंबाची दोन्ही मुलं माती कालवायला रोज येतात. महाराजांच्या शेजारी त्यांनी एक प्लास्टिकचा डायनोसॉर उभा केलाय. लेक म्हणते, तो पहारेकरी आहे.