रंगांना आकडे देणारे मॅक्सवेल

घरच्या प्रिंटरवर छापलेला फोटो पडद्यावर दिसतो तसा कागदावर क्वचितच उतरतो. चेहरा तांबूस होतो, पांढरा शर्ट निळसर दिसतो. यावर उपाय म्हणजे प्रिंटरचे प्रोफाइल बनवणे. ठरावीक रंगांचे शेकडो चौकोन छापायचे, प्रत्येक चौकोन यंत्राने मोजायचा आणि कोणत्या आकड्याला कागदावर कोणता रंग येतो याचा तक्ता करायचा. रंग असा आकड्यांत मांडण्याचा पाया घालणाऱ्यांत जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांचे नाव अग्रभागी आहे.

१३ जून १८३१ रोजी एडिंबरा येथे त्यांचा जन्म झाला. ते आठ वर्षांचे असताना आई पोटाच्या कर्करोगाने गेली. डोळ्यात रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या संवेदना असाव्यात, असा तर्क डॉक्टर थॉमस यंग यांनी आधीच मांडला होता. तो तपासण्यासाठी मॅक्सवेल यांनी एक साधी भिंगरी वापरली.

भिंगरीच्या बाहेरच्या कड्यात शेंदरी, हिरव्या आणि निळ्या कागदाच्या चकत्या, आत काळ्या व पांढऱ्या. कडेवर शंभर भाग आखलेले. भिंगरी वेगाने फिरली की रंग डोळ्यात मिसळत. दोन्ही कडी सारखीच करडी दिसेपर्यंत चकत्या सरकवायच्या आणि भाग मोजायचे. ३७ भाग शेंदरी, २७ निळा व ३६ हिरवा यांची बरोबरी २८ भाग पांढरा व ७२ काळा यांच्याशी झाली. १८५५ मध्ये त्यांनी ही समीकरणे मांडली. रंगांध व्यक्तींना रंग जुळवायला तीनऐवजी दोनच मूळ रंग पुरतात, हेही त्यातून दिसले. दिवसाच्या उजेडात जुळलेले रंग गॅसच्या दिव्याखाली जुळेनासे होत. म्हणूनच छापलेला फोटो कोणत्या उजेडात पाहिला, हे आजही महत्त्वाचे ठरते.

१८५८ मध्ये कॅथरीन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढच्या प्रयोगांत त्यांनी पत्नीच्या डोळ्यांच्याही नोंदी घेतल्या. त्या दोघांच्या नोंदी तंतोतंत जुळल्या नाहीत. दोघांचीही दृष्टी निरोगी होती. नेत्रपटलावरील पिवळ्या रंगद्रव्याचे प्रमाण माणसागणिक वेगळे असते, त्यामुळे असा फरक पडतो. एकाच्या नजरेवर विसंबून रंग ठरवता येत नाही तो यामुळेच. १९३१ मध्ये अनेकांच्या नोंदींवरून एक प्रमाण डोळा आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरवला गेला. रंगमापक यंत्रे आजही त्याचाच आधार घेतात.

१७ मे १८६१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मॅक्सवेल यांनी रंगीत फितीची तीन छायाचित्रे लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशात एकावर एक टाकून दाखवली. हे पहिले रंगीत छायाचित्र मानले जाते. त्यावेळची रसायने लाल प्रकाशाला दाद देत नव्हती. मग लाल रंग आला कुठून? फितीचा लाल भाग अतिनील किरणही परावर्तित करत होता आणि काचेवर तेच उमटले होते. शंभर वर्षांनी हे उलगडले. चित्र बरोबर दिसले, पण कारण वेगळेच होते.

५ नोव्हेंबर १८७९ रोजी मॅक्सवेल यांचे निधन झाले. आईला झालेला आजारच त्यांना झाला होता, आणि वय होते ४८ वर्षे. फोटोचा रंग बिघडला की आपण अंदाजाने कळा दाबत राहतो. आधी मोजा, मग बदला, ही शिस्त त्यांच्या भिंगरीने घालून दिली आहे.