वाळूचे उपासक प्रोफेसर किपिंग

लोखंडी गजांस रंग द्यावा आणि दोन पावसाळ्यांत त्याचे पोपडे उडावे, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. दोष नेहमीं रंगाचाच असतो असें नाहीं; धातु व रंग यांच्या सांध्यांत पाणी शिरतें आणि दोघांची फारकत होते. ती टळावी म्हणून हल्लीं रंगांत सिलेन नांवाचीं द्रव्यें अल्प प्रमाणांत मिसळतात. या विद्येचा पाया घालणारे फ्रेडरिक स्टॅन्ली किपिंग यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

किपिंग यांचा जन्म १८६३ सालीं मँचेस्टर येथें झाला. ओवेन्स कॉलेजांतील शिक्षणानंतर त्यांनीं कांहीं वर्षें शहराच्या गॅस खात्यांत नोकरी केली. १८८६ सालीं ते म्युनिकला गेले. तेथें धाकटे पर्किन यांच्या हाताखालीं त्यांनीं संशोधन केलें. पुढें हे दोघे साडू झाले आणि दोघांनीं मिळून लिहिलेला सेंद्रिय रसायनशास्त्राचा ग्रंथ अनेक पिढ्यांनीं अभ्यासिला. १८९७ सालीं किपिंग रॉयल सोसायटीचे फेलो व नॉटिंगहॅमच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत प्राध्यापक झाले. १९३६ पर्यंत त्यांनीं तें पद भूषविलें.

वाळूंतील सिलिकॉन हें मूलतत्त्व कार्बनशीं जोडून नवीं संयुगें करावीं, हा त्यांचा ध्यास. ग्रीन्यार यांनीं शोधलेल्या मॅग्नेशियमच्या संयुगांनीं त्यांस ही वाट मोकळी करून दिली. त्यांस हवे होते शुद्ध स्फटिक. पण पात्रांत पुष्कळदां चिकट राळच उरे. ती त्यांस केवळ उपद्रव वाटे. सिलिकोन हें नांव त्यांनींच रूढ केलें, परंतु या संयुगांचा व्यवहारांत मोठा उपयोग होईल अशी आशा त्यांस उतारवयांतही वाटली नाहीं.

दैव असें कीं, १९४० च्या सुमारास अमेरिकेंत हाइड व रोकाव यांनीं त्या उपेक्षित चिकट पदार्थांचेंच मोल ओळखलें आणि १९४३ सालीं त्यांच्या उत्पादनासाठीं स्वतंत्र कंपनी निघाली. सिलेनही त्याच कुळांतलें. त्याच्या रेणूचें एक टोक ओलाव्यानें बदलून कांच किंवा धातूवरील ऑक्साइडाच्या थरास बिलगतें, दुसरें रंगांतील राळेशीं जोडलें जातें. दोहोंमध्यें जणूं पूल बांधला जातो आणि पाण्यास तो सहसा तोडवत नाहीं. मात्र टोक राळेस अनुरूप हवें आणि पृष्ठभाग स्वच्छ हवा.

१९४९ सालीं किपिंग वारले. आपल्या श्रमांस फळें येऊं लागलेलीं तेवढीं त्यांच्या हयातींत आलीं. विद्यार्थिबंधूंनो, फळ दिसत नसतांही चाळीस वर्षें नेटानें काम करणाऱ्या या गुरूस आम्ही वंदन करतों. आपल्या वहींतील फसलेला प्रयोगही फाडून टाकूं नये, एवढें तरी त्यांच्यापासून शिकावें.