पुण्याहून सिंगापूरला : विल्यम ऑल्डम

अमॉय स्ट्रीट तुम्हाला माहीत असेलच. तिथल्या फूड सेंटरमध्ये दुपारी बसायला जागा मिळणं कठीण! याच रस्त्यावर १ मार्च १८८६ रोजी, ७० नंबरच्या इमारतीत, एक छोटी शाळा सुरू झाली. मुलं होती फक्त १३. ही शाळा काढणाऱ्या माणसाचं आयुष्य मात्र पुण्यात बदललं होतं.

विल्यम ऑल्डम यांचा जन्म १८५४ साली बंगळूरला झाला. वडील लष्करात अधिकारी होते. शिकून ऑल्डम सरकारी मोजणी खात्यात लागले. जमीन मोजायची, नकाशे करायचे, असं त्यांचं काम. १८७३च्या सुमारास ते पुण्यात असताना विल्यम टेलर या अमेरिकन धर्मप्रचारकाच्या सहकाऱ्यांची सभा भरली होती. ऑल्डम ती ऐकायला गेले आणि त्यांचं मन पालटलं. पुढे त्यांनी चांगली नोकरी सोडली, अमेरिकेत जाऊन शिक्षण घेतलं आणि ते मेथडिस्ट चर्चचे मिशनरी झाले.

येशूने आपल्या अनुयायांना सांगितलं होतं, की सर्व देशांतल्या लोकांना शिष्य करा. हे काम आपलंच आहे असं ऑल्डम मानत. फेब्रुवारी १८८५ मध्ये ते थोबर्न यांच्याबरोबर सिंगापूरच्या धक्क्यावर उतरले.

पण इथल्या चिनी व्यापाऱ्यांशी ओळख कशी करायची? व्यापाऱ्यांचं एक चर्चामंडळ होतं. तिथे ऑल्डम यांनी भाषण दिलं, ते धर्मावर नाही तर खगोलशास्त्रावर! मोजणीच्या कामात ताऱ्यांचाही उपयोग होतो, त्यामुळे हा विषय त्यांच्या जवळचा. तान किओंग साइक नावाचे व्यापारी खूश झाले. हळूहळू व्यापारी म्हणू लागले, की आमच्या मुलांना इंग्रजी शिकवा.

इथेच खरी अडचण होती. ऑल्डम यांना धर्म पसरवायचा होता, तर पालकांना मुलांसाठी इंग्रजी हवी होती, नवा धर्म नाही. मग शाळा काढायची की नाही? ऑल्डम यांनी काढली. शाळा मिशनची आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी व्यापाऱ्यांनी मुलंही पाठवली आणि पैसेही दिले. सकाळी चिनी आणि दुपारी इंग्रजी, म्हणून नाव पडलं अँग्लो-चायनीज स्कूल, म्हणजे आजचं एसीएस.

तब्येत बिघडल्यामुळे १८८९ मध्ये ऑल्डम यांना सिंगापूर सोडावं लागलं. १९०४ साली ते बिशप झाले. १९३७ मध्ये अमेरिकेत त्यांचं निधन झालं. एसीएसचं वसतिगृह आजही ऑल्डम हॉल या नावानेच ओळखलं जातं.

मराठीत ‘शिष्य’ म्हणजे धर्मगुरूचा अनुयायी, आणि शिक्षकाचा विद्यार्थीसुद्धा. ऑल्डम पहिल्या अर्थाचे शिष्य शोधायला आले. दुसऱ्या अर्थाचे शिष्य त्यांना कितीतरी जास्त मिळाले.

शब्दार्थ
मोजणी – मापं घेण्याचं काम
मन पालटणे – विचार पूर्ण बदलणे
अनुयायी – एखाद्याच्या शिकवणुकीप्रमाणे वागणारा
धक्का – बोटीतून उतरायची जागा (दुसरा अर्थ : जोरात ढकलणे)
खगोलशास्त्र – ग्रह-ताऱ्यांचा अभ्यास

विचार करा आणि सांगा
१. ऑल्डम पुण्यात कोणतं काम करत होते?
२. व्यापाऱ्यांना काय हवं होतं? ऑल्डम यांना काय हवं होतं?
३. तुम्ही त्या वेळचे पालक असता, तर मुलाला या शाळेत घातलं असतं का? का?