अंगठा आणि पदवी

बँकेच्या नोकरीत कर्जाच्या कागदावर अंगठा उमटवणाऱ्या किती तरी शेतकरी बायका मी पाहिल्या. त्या वेळी हटकून बहिणाबाई चौधरी आठवत.

१८८० साली जळगावजवळच्या आसोद्याला त्या जन्मल्या. तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावात आल्या. तिशीच्या सुमारास वैधव्य आलं. शेत आणि मुलं सांभाळता सांभाळता त्या गाणी रचत. अक्षर ओळखीचं नव्हतं. ती उतरवून घेतली मुलगा सोपानदेव आणि त्यांच्या मावसबंधूंनी. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक निघालं.

जळगाव-धुळ्यासाठी १९९० मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झालं. २०१८ मध्ये त्याला बहिणाबाईंचं नाव मिळालं. तिथे कला आणि विज्ञान वेगवेगळ्या वर्गांत शिकवतात. बहिणाबाईंनी मात्र मातीतलं बी, सुगरणीचा खोपा डोळे भरून निरखला आणि आपल्या बोलीत गुंफला. निरखणं आणि सांगणं त्यांच्यापाशी एकच होतं.

आज खान्देशातल्या कित्येक घरांत पहिली पदवी येते आहे. ती हाती आल्यावर अंगठा उठवणाऱ्या आजीजवळही घटकाभर बसावं. शिकायचं अजून बरंच उरलेलं असतं.