कापूसगिरणीतला हिशेबनीस

जवळा बाजारला माझ्या चुलतभावाला त्याच्या धाकट्या भावाचं मूत्रपिंड बसवलं, त्याला आता सहा वर्षं झाली. दुसऱ्या वर्षी गोळ्या वाढवूनही रक्तदाब उतरेना, तेव्हा डॉक्टरांनी डॉप्लर करून आणायला सांगितलं. वहिनींना ते यंत्राचं नाव वाटलं. खरं सांगायचं तर मलाही. पुढे कळलं, तो एक माणूस होता.

क्रिस्टियान डॉप्लर 1803 साली साल्झबुर्गला पाथरवटांच्या घरात जन्मला. प्रकृती तोळामासा, छिन्नी-हातोडा झेपेना म्हणून गणिताकडे वळला. शिकला भरपूर, पण कायमची नोकरी मिळेना. मग दीडेक वर्ष त्याने एका कापूसगिरणीत हिशेबाच्या वह्या लिहिल्या. (सारी उमेद बँकेच्या खतावण्यांत घालवलेल्या मला तो इथेच आपला वाटला.) 1835 मध्ये तर तो सामानसुमान विकून अमेरिकेला निघाला होता. तेवढ्यात प्रागच्या एका शाळेतून नेमणूक आली.

तिथेच 1842 च्या मे महिन्यात मूठभर श्रोत्यांपुढे त्याने आपला निबंध वाचला. लहरींचा उगम जवळ येत असला की त्या दाटतात, दूर जात असला की विरळ होतात. स्टेशनात शिरणाऱ्या गाडीची शिटी चढी आणि निघून गेलेलीची उतरलेली वाटते, ती यामुळेच. ताऱ्यांचे रंगही त्याने याच हिशेबात बसवले, ते चुकलं. नियम मात्र खरा निघाला. 1845 मध्ये हॉलंडात धावत्या आगगाडीवर वाजंत्री बसवून तो पडताळला गेला. डॉप्लरच्या वाट्याला पुढे टीका आली आणि छातीचं दुखणं. 1853 च्या मार्चमध्ये व्हेनिसला तो गेला, तेव्हा जेमतेम 49 वर्षांचा होता.

त्यानंतर 101 वर्षांनी बॉस्टनमध्ये एका भावाचं मूत्रपिंड त्याच्या जुळ्या भावाला बसवलं आणि ते चाललं. नवं मूत्रपिंड ओटीपोटात ठेवून त्याची रक्तवाहिनी पायाकडे जाणाऱ्या मोठ्या वाहिनीला जोडतात. खरी धास्ती या जोडाची. पहिल्या दिवसांत तिथे गुठळी झाली तर मूत्रपिंड वाचवायला हाताशी काही तासच असतात. पुढे कधी जोडाजवळची वाहिनी अरुंद होते. मूत्रपिंडाला रक्त कमी पडलं की ते शरीराचा रक्तदाब चढवतं. ओढ्याचं पाणी अरुंद जागी जोरात धावतं, तसं रक्तही तिथे वेगाने जातं. परतणाऱ्या ध्वनिलहरींवरून डॉक्टर तो वेग मोजतात. सुरी लागत नाही.

भावाची वाहिनी जोडापाशीच आक्रसली होती. फुगा घालून ती रुंद केली, आत जाळी बसवली. तपासणीच्या वेळी धाकटा दाराशी उभा होता. आतून लयीत सूं सूं आवाज येत होता. हा आपल्याच मूत्रपिंडातला आवाज का, एवढंच त्याने मला विचारलं.