डॉ. ओटो बायर

प्रवरेकांठच्या आपल्या कोल्हार गांवांतील कोणत्याहि घरीं पाहा. फोमची मऊ गादी, बुटाचा लवचिक तळ आणि फ्रीजच्या भिंतींतील कठीण थर हे पुष्कळदां पॉलियुरेथेन या एकाच कुळांतील पदार्थ असतात. एका कुळांत इतके भिन्न गुण कसे आले, हें या कुळाच्या जनकाच्या चरित्रावरून उत्तम कळतें.

ओटो बायर यांचा जन्म ता. ४ नोव्हेंबर १९०२ रोजीं जर्मनींतील फ्रांकफुर्ट शहरीं झाला. तेथेंच रसायनशास्त्राचें अध्ययन करून १९२४ सालीं त्यांनीं डॉक्टरेट मिळविली. १९३३ सालीं ते लेव्हरकूझेन येथील प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. बायर कंपनीच्या संस्थापकांशीं त्यांचें नातें नव्हतें. नामसादृश्य हा केवळ योगायोग होय.

दोन जातींचे रेणू एकमेकांस जोडून लांब सांखळ्या गुंफाव्या, ही त्यांची कल्पना सहकाऱ्यांस अव्यवहार्य वाटली. तथापि १९३७ सालीं त्यांनीं ती सिद्ध केली. पुढें एका नमुन्यांत बुडबुडेच बुडबुडे झाले. तपासनिसांनीं तो निकामी ठरविला. भोंकें असलेल्या चीजची नक्कल करण्यापुरताच त्याचा उपयोग, अशी थट्टाहि झाली. बायर यांनीं मात्र कारण शोधिलें. मिश्रणांतील आम्लामुळें कार्बन डायऑक्साइड वायु सुटत होता. मग पाणी मापानें मिसळून तोच वायु मुद्दाम उत्पन्न करण्यांत आला, आणि दोषाचा गुण झाला!

यांतील मर्म सूक्ष्म रचनेंत आहे. प्रत्येक सांखळींत कांहीं भाग लांब व मऊ, तर कांहीं आंखूड व ताठ असतात. ताठ भाग एकत्र येऊन मिलिमीटरच्या सुमारें लाखाव्या हिश्शाएवढे पुंज बनवितात. मऊ भाग ताणले जातात. पुंज त्यांस धरून ठेवून पूर्वस्थितीस आणितात. म्हणून बुटाचा तळ वांकतो व पुनः सरळ होतो. गादींतील छिद्रें परस्परांस जोडलेलीं असतात. त्यांतून हवा खेळते व गादी दबते. फ्रीजच्या थरांत सांखळ्या एकमेकींस घट्ट बांधलेल्या आणि छिद्रें बंद असतात. आंत कोंडलेला वायु उष्णतेस सहसा वाट देत नाहीं.

ता. १ ऑगस्ट १९८२ रोजीं बायर निवर्तले. तोंपर्यंत त्यांचा पदार्थ जगभर घरोघर पोहोंचला होता. मुलांनो, प्रयोग बिघडला म्हणजे नमुना फेंकून देणें सोपें असतें. तो कां बिघडला, हें विचारणारासच नवी वाट सांपडते.